तैलरंगातील मेण : काही अनुभव, काही विचार

‘तू चित्राला नक्की काय फासतेस?’ हा प्रश्न गेले वर्षभर मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे एकदाच काय ते उत्तर लिहून द्यावे, या हेतूने हा लेख लिहायला घेतला. परंतु लिहिता लिहिता ध्यानात आले की हा प्रश्न सोपाच आहे. अवघड प्रश्न दुसराच होता. तो प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या सरांनी विचारला, आणि त्याचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. त्याकडे पुढे येते. आधी मेणाविषयी.

तैलरंगात मधमाश्यांच्या मेणाची लुगदी कालवून चित्र रंगविण्याच्या या पद्धतीला ‘कोल्ड वॅक्स’ असे म्हणतात. आपण थंड मेण म्हणू. थंड अशासाठी की रंगविताना ते तापवावे लागत नाही. मेणाचे प्राचीन चित्रण मात्र उष्णतेच्या बळावर चाले. रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, मृतांच्या ममीवर चेहऱ्याच्या जागी बसवावयाची व्यक्तिचित्रे लाकडी फळ्यांवर मेणात रंगविली जात. फायूम भागात सापडलेली ही चित्रे आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतले ते टपोरे डोळे छापील पुस्तकातही आपल्याकडे रोखून पाहतात. प्लिनी या रोमन ग्रंथकारानेही पहिल्या शतकात मेणचित्रणाची नोंद करून ठेवली आहे. आपल्या काळात अमेरिकेच्या जॅस्पर जॉन्स यांनी १९५४–५५ मध्ये रंगविलेला ‘फ्लॅग’ हा अशाच तापविलेल्या मेणातला. थंड मेणाचे वर्तन याहून निराळे आहे. येथे मेण टर्पेन्टाइनमध्ये विरघळवून लोण्यासारखे मऊ करून ठेवतात आणि नळीतल्या तैलरंगात सुरीने मिसळतात.

ही लुगदी मी पहिल्यांदा घरी घेऊन आले तेव्हा वडिलांनी डबीचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे तर मेणाचं पॉलिश! यासाठी पैसे दिलेस?” वडिलांचा धंदा फर्निचर पॉलिशचा. लाखेच्या पॉलिशवर शेवटचा हात म्हणून किंवा जुन्या शिसवी कपाटांना ते स्वतः मेण आणि टर्पेन्टाइन एकत्र करून लावतात. कलासाहित्याच्या दुकानात आकर्षक डबीत मिळणारे परदेशी माध्यम माझ्या घराच्या माळ्यावर रॉकेलच्या जुन्या डब्यात पडून होते! दुकानी माध्यमात मेणाबरोबर थोडी राळही असते. तिने थर अधिक टणक होतो, एवढा फरक आहे. तेव्हापासून मी लुगदी घरीच करते.

करण्याची रीत सांगते, कारण चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. एक भाग मेण आणि तीन भाग टर्पेन्टाइन हे माप मला मानवले. मेण किसून एका भांड्यात घ्यावे आणि ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवावे. मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे उकळी आणण्याचीही गरज नाही. वितळले की गॅस बंद करावा, भांडे उघड्या अंगणात किंवा गच्चीवर न्यावे आणि तेथे, ज्योतीपासून दूर, हळूहळू टर्पेन्टाइन ओतत ढवळावे. टर्पेन्टाइनची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच तितकी तापलेली असते. शेगडीवर ठेवलेल्या मेणात टर्पेन्टाइन ओतण्याचा आळस कोणीही, कधीही करू नये. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, हेही आलेच.

मेण पिवळे घ्यावे की पांढरे? मी प्रथम महाबळेश्वरहून आणलेले पिवळे मेण वापरले. त्याला मधाचा वास येत होता आणि त्या वासावर मी भाळले. पण त्यात कालविलेला टायटॅनियम व्हाइट सायीच्या रंगाचा झाला, निळा किंचित हिरवट झाला. मातकट छटांना ते शोभते. निर्मळ पांढरा हवा असेल तर विरंजित पांढरे मेणच घ्यावे लागते.

आता या माध्यमाचा स्वभाव. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. टर्पेन्टाइन उडून जाते. मेण मात्र या दोन्हींत भाग घेत नाही, ते जसेच्या तसे तेलाच्या कणांत अडकून बसते. त्यामुळेच पृष्ठभागाची तेलकट चकाकी जाते, प्रकाश त्यावर पसरतो आणि रंगाला भिंतीसारखा, दगडासारखा शांत मंदपणा येतो. रंग घट्ट असल्याने ओघळत नाही. रोलर, रंगसुरी, लांबी भरण्याचा पत्रा, काच पुसण्याची रबरी पट्टी, यांपैकी कशानेही तो पसरता येतो. कुंचल्याचे काम थोडेच. थर पुरता कडक होण्याआधीचे काही तास, कधी एखाददुसरा दिवस, तो खरवडला तर खालचा थर दिसू लागतो. या माध्यमाची सारी गोडी त्या अवधीत आहे.

पण याच स्वभावात धोकेही आहेत, आणि ते मी पुस्तकातून न शिकता नुकसान करून घेऊन शिकले. पहिले चित्र मी ताणलेल्या कॅनव्हासवर केले. रंगात मेण निम्म्याहून जास्त होते, कारण जाड थर मला फार आवडत. दिवाळीच्या सुटीत ते चौकटीवरून काढले, गुंडाळले आणि एस.टी.ने गावी नेले. घरी उलगडले तेव्हा त्यावर वीतवीतभर आडव्या भेगा पडलेल्या! कॅनव्हास लवचीक, मेणाचा थर दुबळा. दुसरे काय होणार? अठराव्या शतकात इंग्लंडचे सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी तैलरंगात मेण, राळ असे नाना पदार्थ मिसळून पाहिले आणि त्यांची कित्येक चित्रे तडकली, हे मला नंतर वाचायला मिळाले. एवढ्या थोर चित्रकाराच्या पंगतीत बसल्याचे समाधान तेवढे पदरात पडले. कॅनव्हासवर काम करायचे असेल तर एकूण रंगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मेण घालू नये. अधिक हवे असेल तर प्लायवूडची वा एमडीएफची फळी घ्यावी, तिच्यावर जेसोचे दोन-तीन हात द्यावेत आणि मग खुशाल निम्मे मेण घालावे. आणखी एक गोष्ट : वर्षांनंतरही मेण टर्पेन्टाइनला विरघळते. म्हणून पातळ, टर्पेन्टाइनने भरलेला थर मेणाच्या थरावर चढवू नये, आणि वॉर्निशच्या भानगडीतही सहसा पडू नये. शेवटी मऊ सुती फडक्याने घासले की पुरे.

मेण वापरणाऱ्या अलीकडच्या चित्रकारांत मला अमेरिकेचे ब्राइस मार्डेन फार जवळचे वाटतात. १९६० च्या दशकात त्यांनी तैलरंगात मेण घालून एकरंगी फलक केले. मेण मऊ राहावे म्हणून ते मिश्रण गरम ठेवीत, तेव्हा त्यांना काटेकोरपणे थंड मेणवाले म्हणता येणार नाही. पण मेणाने रंग कसा अंतर्मुख होतो हे त्या फलकांत समजते. काही फलकांत खालच्या कडेला त्यांनी एक पट्टी तशीच सोडली आहे आणि तिच्यावर वरच्या थरांचे ओघळ दिसतात. वरचा करडा रंग कशाकशातून तयार झाला त्याचा जणू जमाखर्चच!

आता त्या चित्राकडे येते. कॅनव्हासच्या धड्यानंतर दोन फूट बाय दोन फूट फळीवर मी फेब्रुवारी-मार्चमध्ये अकरा थर दिले. खाली गेरू आणि काळा, त्यावर राखाडी, मग मळकट पांढरा. घर बदलायचे होते म्हणून एप्रिलमध्ये फळी वर्तमानपत्रात बांधून पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवली. जूनमध्ये काढून पाहते तो कागद चिकटलेला. मेण ३५ अंशांच्या पुढे नरम पडते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली किती तापते हे कोणी सांगायला नको. कागद सोलून काढला तेव्हा उजव्या कोपऱ्यात वर्तमानपत्राची उलटी अक्षरे उमटली होती आणि कागदाबरोबर वरच्या थराचे तुकडे निघून आले होते. आतला गेरू डोकावत होता. मला रडू कोसळले. पण दोन दिवसांनी पाहिले तर तो कोपराच सगळ्यांत जिवंत! मी काही न बदलता ती फळी जानेवारीच्या प्रदर्शनात मांडली.

लोकांना चित्र आवडले. ‘पोत काय सुंदर आलाय’, ‘जुन्या वाड्याची भिंत वाटते’ असे अभिप्राय मिळाले, आणि प्रत्येकाचे बोट त्या कोपऱ्याकडेच जाई. मी हसून आभार मानत होते. माळ्याचा मी उच्चारही केला नाही. संध्याकाळी सर आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “यातलं तू काय ठरवून ठेवलंस आणि काय आपोआप राहिलं?” मी गप्प. त्यांना काही ठाऊक असणे शक्य नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांना तो कोपरा बाकीच्या चित्रापासून तुटलेला दिसला होता.

त्या दिवसापासून मी हा विचार करते आहे. आपण विद्यार्थी (मी स्वतःला वगळत नाही) पोत म्हणजेच अमूर्त असे धरून चालतो. ओळखीचा आकार नसला, पृष्ठभाग खडबडीत असला, की काम झाले! थंड मेण तर या समजुतीला खतपाणीच घालते, कारण त्यात काहीही केले तरी देखणा पोत येतो. दोन रंग एकावर एक फासून खरवडले की कोणालाही ‘जुनी भिंत’ मिळते. पण भिंत ही भिंतच. ती चित्र कशाने होते?

याचे उत्तर मला थोडेफार मिळाले ते वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रापुढे. दिल्लीच्या अभ्याससहलीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मूळ चित्र पाहिले. १९२४ साली नागपुरात जन्मलेला आणि १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेला हा चित्रकार आपल्या अमूर्त चित्रकलेचा मोठा आधार आहे. २००१ मध्ये ते गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांच्या चित्रांतला तो धुकट, आतून उजळलेला पृष्ठभाग मेणाचा असावा असे आमच्यापैकी अनेकजण समजतात. ते कॅनव्हासवरचे तैलरंगच आहेत. रोलरने थर द्यायचे, रंगसुरीने काढायचे, कागदाचे तुकडे लावून रंग उचलायचा किंवा ठसवायचा, असे ते काम. म्हणजे माझ्या फळीवर मे महिन्याने जे केले, तेच तंत्र तेथेही होते! फरक मला चित्रापुढे उभी असताना दिसला. त्यांच्या चित्रात कागदाने उचललेला प्रत्येक डाग शेजारच्या मोकळ्या जागेला तोलून धरतो. एक झाकून पाहिला (मी हात आडवा धरून पाहिला, पहारेकऱ्याने हटकले) तर सारा पट एका बाजूला कलतो. माझा कोपरा झाकला असता तर उरलेल्या चित्राला त्याची खबरही लागली नसती.

परत आल्यावर एक फूट बाय एक फूट अशा चौदा फळ्या केल्या. प्रत्येकीवर कागद लावून रंग उचलला, या वेळी जाणून-बुजून. बहुतेक मेल्यासारख्या झाल्या. अपघात ठरवून घडविता येत नाही, हे तर त्यातून कळलेच. शिवाय दोन-तीन फळ्यांवर असे झाले की उचललेला डाग पाहून मला पुढचा थर कोठे द्यावा आणि कोठे मुळीच देऊ नये हे सुचले. तेथे कोणी तो प्रश्न विचारला तर मला उत्तर देता आले असते : डाग आपोआप आला, पण त्याच्यासाठी डावीकडची दोन इंच पांढरी जागा मी राखली.

एका रात्री वडिलांना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “लाकडाला गाठ असतेच. ती लपवायची की दाखवायची ते आधी ठरवतो, मग हात लावतो. नाहीतर गिऱ्हाईक गाठीलाच पाहत बसतं.” माझ्या अमूर्त चित्रांकडे पाहून ‘हे पुसायचं राहिलं का?’ असे विचारणारे माझे वडील! पण सरांनी विचारले तेच त्यांनी सांगितले, असे मला वाटले.

मार्चमध्ये मी ती मोठी फळी पुन्हा काढली. टर्पेन्टाइनचा बोळा घेऊन उजवा कोपरा नरम केला आणि पत्र्याने खरवडला. उलटी अक्षरे गेली. मैत्रिणी हळहळल्या, एकीने तर ‘वेडी आहेस’ असे स्पष्ट सांगितले, आणि त्या क्षणी मलाही तसेच वाटत होते. फक्त तळाशी गेरूची एक बोटभर चीर ठेवली. तिला उत्तर म्हणून वर डावीकडे राखाडीतून तेवढीच एक चीर उघडली. तिच्यासाठी चार थर खाली जावे लागले आणि दोनदा चुकले. मधली मोठी पांढरी जागा अजून जड वाटते. तिच्यावर एक पातळ करडा थर द्यावा असे सर म्हणतात. मला ती खरवडून कमी करावीशी वाटते. दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही.

फळी सध्या वडिलांच्या कारखान्यात, सावलीच्या भिंतीला, कागद न लावता उभी आहे. तिच्यावर लाकडाचा भुसा बसू नये म्हणून त्यांनी पुढे एक जुना पाट आडवा लावून ठेवला आहे.