कोंबडी, बटाटा आणि वजनकाटा

सातगाव पठारावर पेठच्या अलीकडं माझं सासर. घरात बटाटा आणि मागच्या शेडमध्ये अंड्यावरच्या कोंबड्या. मी मात्र सव्वीस वर्षं एका संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर वजनं लिहिण्याची नोकरी केली. घरी आल्यावरही तो काटा काही हातातून सुटला नाही. त्यातून जे उमगलं ते असं.

१. कडेची ओळ मोजू नये.
प्रयोगाच्या वाफ्यात कडेच्या ओळी आधी काढून बाजूला टाकतात, त्यांचं वजन नोंदीत घेत नाहीत. कडेच्या झाडाला ऊन जास्त, भाऊबंद कमी, ते पोसणारच. आमचे मामा, म्हणजे सासरे, पाहुण्यांना दाखवायला नेमका बांधाकडचाच वेल उपटायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, मधला काढा की." ते म्हणाले, "मधला आपल्याला खायला."

२. कोंबडखत कोणत्या कोंबडीचं, ते आधी विचारावं.
एका खरिपात ट्रॉली चिखलात रुतली आणि अर्ध्या रानाला शेणखत, अर्ध्याला पिंजऱ्याखालचं ओलं कोंबडखत पडलं. ठरवून केलेला प्रयोग नव्हता, पण मला तुलनेचे दोन पट्टे आयतेच मिळाले. काढणीला कोंबडखताच्या बाजूला पोती जास्त भरली. मामा खूश. मंचरला मात्र व्यापाऱ्यानं एक बटाटा तळहातावर फिरवला, सालीवरच्या बुचासारख्या खरबरीत खवल्यांवरून अंगठा फिरवला आणि न बोलता परत ढिगात ठेवला. त्याचं न बोलणंच आम्हाला महाग पडलं. वजनाचा रकाना एका बाजूनं बोलत होता, विक्रीच्या पट्टीवरचा आकडा दुसऱ्या.

कारण मला केंद्रावर कळलं. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याचं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात शिंपला नाहीतर मार्बलचा चुरा घालतात आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत ठेवतात. ते सगळंच कवचात जात नाही. उरलेलं खतात येतं, खतातून सरीत. त्या चुन्यानं जमिनीचा सामू वर गेला की खवल्याच्या जिवाणूचं फावतं, त्यात बटाटा धरायच्या दिवसांत पावसानं ताण दिला तर बघायलाच नको. तेव्हापासून ते खत आम्ही चांगलं कुजवून आधीच्या पिकाला घालतो. बटाट्याच्या तोंडावर नाही. मांसाच्या कोंबड्यांचं भाताच्या तुसात मुरलेलं खत त्या मानानं सोसतं, तेही कुजलेलंच हवं.

३. बटाटा कोंबडीला घालायचा तर आधी पाणी मोजावं.
एका वर्षी भाव इतका पडला की काढणीची मजुरीही निघेना. आरणीतला, म्हणजे साठवणीच्या ढिगातला, बारीक माल कोंबड्यांना घालू, असं मामांनी ठरवलं. पहिल्या दिवशी कच्चा चिरून घातला. कोंबड्यांनी चोची मारल्या, पण दुसऱ्या दिवशी शेडखाली सगळी पातळ घाण. कच्च्या बटाट्यातलं पिष्ट त्यांना नीट पचत नाही. मग आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, चुलीवर हंडा चढवला. उकडलेल्या बटाट्यावर कोंबड्या अशा तुटून पडल्या की मामा म्हणाले, "आता बोल!"

मी बोलले नाही, गव्हाणीत उरलेलं खाद्य रोज काट्यावर घातलं. ते वाढत गेलं, आणि आठवड्याभरात अंड्यांचे ट्रे कमी भरू लागले. हिशेब साधा आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, त्यात कोरडा भाग १०० ग्रॅमच्या आसपास. बटाट्यात पाचातले चार भाग पाणी. तेवढाच कोरडा भाग बटाट्यातून द्यायचा, तर दीड किलोच्या कोंबडीनं रोज अर्धा किलो बटाटा खायला हवा! शिवाय तिला खाद्यात १६-१७ टक्के प्रथिनं लागतात, आणि ताज्या बटाट्यात ती दोनच टक्के. पोट फुगतं, अंडं मागं राहतं. शेवटी आम्ही मक्याचा थोडासाच वाटा बटाट्याला दिला आणि सोयापेंड वाढवली. हिरवे आणि कोंब आलेले बटाटे मात्र उकिरड्यावर. त्यांतलं सोलॅनिन उकडून जात नाही.

४. एकच बल्ब दोघांना चालत नाही.
अंडी द्यायला कोंबडीला दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तास उजेड लागतो. शेडच्या पार्टिशनपलीकडं आम्ही खायचे बटाटे ठेवले होते. फळ्यांच्या फटींतून उजेड जिथं जिथं पडला, तिथं तिथं हिरवे पट्टे. बियाण्याला असा मंद उजेड उलट चांगला, कोंब आखूड आणि दणकट येतात.

५. घरच्या बियाण्याचं कौतुक दोन वर्षं करावं.
त्यानंतर मावा आणि त्यानं आणलेले विषाणू हिशेब चुकता करतात. जालंधरकडचं बियाणं मंचरला येतं ते उगाच नाही. तिकडं मावा कमी असतो तेवढ्या मुदतीत बियाण्याचं पीक काढून घेतात. ही पद्धत डॉ. पुष्करनाथ यांनी बसवली, त्याआधी बियाणं डोंगरातूनच आणावं लागे. जाता जाता सांगते, १९७२ सालच्या 'कुफरी लवकर' या वाणाचं आडनाव शिमल्याजवळचं, पण नाव आपलं मराठी.

६. लस दिली, एवढी नोंद पुरत नाही.
हा डाग माझ्याच वहीत आहे. पिलांना मानमोडीची लासोटा लस पाण्यातून दिली, तारीख टाकली, सही केली. महिनाभरानं पिलं माना वेळावत मरू लागली. लसीचं पाणी नळाचं होतं आणि टाकीत आदल्या दिवशीच क्लोरिनची टीसीएल पावडर पडली होती. लशीतला विषाणू जिवंत असतो. क्लोरिननं तो पिलाच्या चोचीत जाण्याआधीच मेला. वहीत मात्र लसीकरण शंभर टक्के.

आता लसीच्या आदल्या रात्री विहिरीचं पाणी काढून ठेवते. पहाटे भांडी काढून पिलांना तासभर तहानेलं ठेवते आणि पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळते, क्लोरिनचा अंश असलाच तर ती तो मारते. परवा नातू डोळे चोळत शेडमध्ये आला आणि म्हणाला, "आजी, कोंबड्यांना चहा करतेस?"

हो म्हटलं, आणि त्याला भांडी मोजायला लावली.