अडलेलं घर

अगं, तो पेशंट तुला अवघड जातोय, कारण तू त्याच्याकडे एकटीनं बघतेयस. टीबी, वर शुगर, संध्याकाळी दारू घेतो, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणार. यातलं तुझ्या ट्रेनिंगमध्ये फार तर निम्मं येतं. बाकीचं आशाताईला ठाऊक आहे आणि तिला कुणी विचारत नाही.

उपकेंद्रावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली म्हणून टीम होत नाही. तू सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आरोग्य सेवक, आशा, वर पीएचसीचे डॉक्टर. कागदावर सगळे आहेत. पण प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, म्हणून एकाच घरी चौघं चार वेळा जातात आणि तेच तेच विचारतात. मी त्या घरातली असते तर दारच उघडलं नसतं.

आठवड्यातून एकदा, लसीकरणाचा दिवस सोडून, सगळ्यांना अर्धा तास बसव. रिपोर्टिंग नको, त्याच्या मीटिंगा उदंड आहेत. फक्त अडलेली घरं घ्या, तीन-चार. आणि आधी आशाताईला बोलू दे. तू आधी बोललीस की ती ‘हो मॅडम’ म्हणून गप्प बसते. तिला बोलतं केलंस तर कळेल की बायको पहाटेच मजुरीला जाते, चूल पेटत नाही, उपाशीपोटी गोळ्यांनी मळमळतं म्हणून तो त्या सोडतो. आपण मात्र कार्डावर ‘असहकार’ लिहून मोकळे.

याचा दाखला बघायचा तर जामखेड काही फार लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घराची खबर त्यांच्याकडे असायची आणि डॉक्टर-नर्सची फिरती टीम त्यांच्या पाठीशी.

आता तुझा पेशंट. मुकादमाची उचल घेतलीय म्हटल्यावर तो थांबणार नाही, ‘जाऊ नका’ म्हणण्यात वेळ घालवू नकोस. मुकादमाचा नंबर घे. कारखाना कुठला, टोळी कुठं उतरणार ते विचार. टीबीच्या सुपरवायझरना, म्हणजे एसटीएसना सांगून निक्षय या टीबीच्या पोर्टलवर त्याची नोंद तिकडे ट्रान्सफर करून घे, पण क्लिकवर विसंबू नकोस, तिथल्या सीएचओला स्वतः फोन कर. आहारासाठीचे निक्षय पोषणचे पैसे खात्यातच येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झालेत, तेव्हा निघायच्या आधी खातं चालू आहे ना ते बघून घे. आणि शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना मुद्दाम विचार, टीबीच्या रिफाम्पिसिननं त्यातल्या काहींचा असर कमी होतो.

एवढं करून सगळं सुरळीत होईल असं मात्र धरून चालू नकोस. अमेरिकेत न्यू जर्सीत कॅमडेन नावाचं गरीब शहर आहे. पुन्हा पुन्हा भरती होणाऱ्यांसाठी तिथं डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी नर्स, सोशल वर्कर, वस्तीतले आरोग्य कार्यकर्ते अशी टीम उभी केली. डिस्चार्ज झाला की ही मंडळी घरी हजर. फार गाजावाजा झाला. मग ८०० पेशंटांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तपासलं आणि २०२० मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती झाले टीम मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ६१.७ टक्के. मला तरी वाटतं, टीम पेशंटला दारापर्यंत नेते, पण आत राहायला घर नसेल, दारू सोडवायची सोय नसेल, तर तिनं द्यायचं काय?

म्हणून तलाठी आणि रेशन दुकानदार यांनाही टीममध्येच धर. कमाई थांबली असेल तर टीबीच्या पेशंटला संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो, उत्पन्नाची अट आहे तेवढी तलाठ्याकडून तपासून घे. दारूमागे मनाचं काही दुखणं दिसलं तर १४४१६ वर टेलिमानस हेल्पलाइनला फोन जोडून दे, नुसता नंबर लिहून देऊ नकोस.

आणि त्या घराचा फोन कुणी उचलायचा ते नक्की करा. हुद्दा बघून नको, तो ज्याच्याशी मोकळं बोलतो त्यानं. दारूचं तो बहुधा आरोग्य सेवकालाच सांगेल, तुला नाही. त्यात कमीपणा मानू नकोस, तू मागून डॉक्टर सांभाळ. आशाताईचा काही मोबदला कामावर ठरतो, तिच्या क्लेमवरची सही महिनाअखेरीपर्यंत लांबवू नकोस, आणि फिरतीचा खर्च ती पदरचा करतेय का तेही एकदा विचार.