ऑफिसचे कॉम्प्युटर स्लो झालेत? आधी मोजा, मग कोटेशन मागवा



जून महिन्यात शाळेच्या ऑफिसबाहेर दाखल्यांसाठी रांग लागते. आत क्लार्क माऊस धरून बसलेले असतात आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत असतं. "नेट स्लो आहे, उद्या या," हे ठरलेलं उत्तर. कोल्हापुरातल्या एका शाळेत आम्हीही हेच सांगत होतो. जनरल रजिस्टरची जुनी पानं स्कॅन करून एका मुख्य कॉम्प्युटरवर ठेवलेली, बाकीचे चार तिथूनच ती उघडायचे. जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला आलेल्या एका पालकांना तीन हेलपाटे पडले. पाचही मशीन बदलायचं ठरलं, कोटेशनही आलं.

आता बघा, रजिस्टर आपल्याच ऑफिसात आहे. ते उघडायला इंटरनेट लागतच नाही! मग नेट स्लो असण्याचा संबंध काय? हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला.

म्हणून पहिलं काम, दुखणं कुठं आहे ते वेगळं काढणं. एकच मशीन हळू चालतं का सगळी? त्या मशीनवरची स्वतःची फाइल पटकन उघडते का? दुसऱ्या मशीनवरची? आणि वेबसाइट? फक्त वेबसाइटच अडत असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला पिंग करून बघा. राउटरचा पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायरने जोडलेल्या मशीनला एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर यायला हवं. तसं येत असेल तर ऑफिसातला रस्ता बहुधा ठीक आहे, अडचण बाहेरच्या लाइनमध्ये किंवा त्या साइटवर आहे. ऑनलाइन माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेला साइटवरच गर्दी असते, तिथं तुमचं मशीन बिचारं निर्दोष असतं.

एकच मशीन रखडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'डिस्क'चा आकडा सतत शंभर टक्क्यांवर चिकटलेला दिसला आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असली, तर एसएसडी बसवल्यावर फरक लगेच जाणवतो. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा. दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक काढा, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. एवढं बघायला कुणाला बोलवायची गरज नाही.

आमचं दुखणं मात्र वायरीत निघालं. मुख्य मशीनवर सेटिंग्जमध्ये इथरनेटची 'लिंक स्पीड' बघितली, तर १००० च्या जागी १०० एमबीपीएस. स्विच गिगाबिटचा, नेटवर्क कार्डही गिगाबिटचं. मग? लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १००० चा वेग मिळायला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. कपाटाच्या पायाखाली केबल चेपली होती, एक जोडी गेलेली. कनेक्शन तुटलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्ण तुटली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं! एकाने रजिस्टर उघडलं की चालायचं, पण चौघांनी एकदम उघडलं की त्याच अरुंद रस्त्यात वाटणी व्हायची. केबल बदलली आणि पाच मशीनचं कोटेशन बाजूला ठेवलं.

सगळंच नेटवर्क अचानक बंद पडल्यासारखं झालं आणि स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली नाहीत ना ते बघा. साफसफाई करताना लोंबणारं टोक दिसलं की कुणीतरी चांगल्या मनानं ते रिकाम्या भोकात खोचतं. साध्या स्विचमध्ये मग तीच माहिती गोल गोल फिरत राहते.

एक सावधगिरी. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या मशीनवर एसएसडीचा खर्च करायच्या आधी तिच्यावर पुढं काय चालवणार ते ठरवा. लिनक्स हा पर्याय आहे. केरळच्या शाळांनी तो कितीतरी वर्षं वापरलाय.

हे सगळं आठवी-नववीच्या मुलांना गणित म्हणून देता येतं. फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात, वायरीचा वेग बिटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. आता उदाहरण घाला: रजिस्टरचा फोल्डर ६०० एमबीचा, मुख्य मशीनची वायर १०० एमबीपीएसची, चार जण एकदम कॉपी करतात. प्रत्येकाला किती वेळ लागेल? उत्तर १९२ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. प्रत्यक्षात थोडा जास्तच लागतो. मुलांना ऑफिसात नेऊन घड्याळ लावून मोजायला सांगा.