माऊसविना मजकूर

गेल्या पावसाळ्यात चार दिवस मी भरवेलीस बहिणीकडे होतो. बालाघाट शहरालगतचे हे मँगनीजच्या खाणीचे गाव. आपल्या अंकाच्या मराठी विभागाचे लेख महाविद्यालयातील संगणकावर होते व ते तेथूनच टर्मिनलवर उघडून दुरुस्त करावयाचे होते. जोडणी मंद, लॅपटॉपचा टचपॅड बिघडलेला आणि माऊस घरी राहिलेला. हाताशी उरला तो कळफलक आणि ‘विम’ हा टेक्स्ट एडिटर.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. एका विद्यार्थिनीच्या लेखातील परिच्छेद मला दुसऱ्या फायलीत हलवायचा होता. तो कापला, पहिली फाइल जतन केली, दुसरी उघडली, तेथील एक कोरी ओळ पुसली आणि मजकूर चिकटविला. पडद्यावर उमटली ती पुसलेली कोरी ओळच! गोंधळून मी एडिटर बंद केला. त्या मुलीकडे कच्चा खर्डा नव्हता. तिने रात्री बसून परिच्छेद पुन्हा लिहून पाठविला; पण पहिल्या वेळी जे उतरले होते ते दुसऱ्यांदा उतरले नाही. पुढे कळले की परिच्छेद हरवलाच नव्हता. तो कोठे पाहावा हे मला ठाऊक नव्हते. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहे.

माऊसच्या आधी

डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक १९६८ साली केले. परंतु तो घरोघरी पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे लागली. विमचा पूर्वज ‘व्हीआय’ हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले येथील विद्यापीठात लिहिला. ते ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करीत. म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. पडदा २४ ओळींचा, ओळ ८० अक्षरांची. अर्थात संपूर्ण पडदा भरण्यास एक मिनिटाहून अधिक वेळ! अशा स्थितीत आज्ञा आखूड असणे ही चैन नव्हती, गरज होती. त्यांच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही त्या कळांनी कर्सर डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे सरकतो. ब्राम मूलनार यांनी विमची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध केली व २०२३ मधील आपल्या निधनापर्यंत त्याची जोपासना केली.

क्रियापद आणि कर्म

विममध्ये आज्ञा देणे म्हणजे एक छोटे वाक्य रचणे होय. ‘वाय’ म्हणजे नक्कल करणे, ‘डी’ म्हणजे कापणे, ‘पी’ म्हणजे चिकटविणे. ही झाली क्रियापदे. त्यांपैकी ‘वाय’ व ‘डी’ यांपुढे कर्म जोडावे. ‘आय डब्ल्यू’ म्हणजे कर्सरखालचा शब्द, ‘आय पी’ म्हणजे परिच्छेद. तेव्हा ‘वाय आय पी’ म्हणजे ‘या परिच्छेदाची नक्कल घे’. पाच क्रियापदे आणि दहा कर्मे शिकली की पन्नास वाक्ये आपोआप येतात. पाठांतर पंधराचेच करावे लागते. कंट्रोल व व्ही या कळांनी तर तक्त्यातील एकच उभा स्तंभ उचलता येतो.

हे माऊसने होत नाही काय? होते, पण टर्मिनलमधील माऊस पडद्यावर दिसते ते उचलतो, फायलीत आहे ते नव्हे. ओळींचे क्रमांक दाखविले असतील तर क्रमांकही येतात. दोन फायली शेजारीशेजारी उघडल्या असतील तर दोन्हींच्या ओळी एकमेकींत मिसळून येतात. पडद्याखालचा मजकूर तर येतच नाही.

कप्पे

आता माझी चूक. विम कापलेला वा नकललेला मजकूर ‘रजिस्टर’ नावाच्या कप्प्यांत ठेवतो. साधे ‘पी’ दाबले की सर्वांत शेवटी जे कापले तेच मिळते. मला कोरी ओळ मिळाली ती यामुळे. मात्र कापलेल्या ओळी १ ते ९ या कप्प्यांतही रांगेने सरकत असतात. कोरी ओळ पहिल्यात आली, तेव्हा परिच्छेद दुसऱ्यात गेला होता. दुहेरी अवतरणचिन्ह, २ आणि पी, एवढ्या तीन कळांत तो परत आला असता! शेवटची नक्कल शून्याच्या कप्प्यात असते. तिला कापण्याचा धक्का लागत नाही. शिवाय ए ते झेड हे कप्पे आपल्या मर्जीचे. आपल्यासारख्या द्विभाषिक अंकाचे काम करताना मी मराठी मजकूर ‘एम’मध्ये आणि कन्नड मजकूर ‘के’मध्ये ठेवतो.

एडिटर आपल्या हाताचा करणे

विमच्या सवयी ‘विमआरसी’ या फायलीत लिहून ठेवता येतात. प्रणालीचा क्लिपबोर्ड आणि विमचा कप्पा एकच करावा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो मानला नाही. कारण मग पुसलेली प्रत्येक कोरी ओळ क्लिपबोर्डावरही चढते, म्हणजे माझीच चूक अधिक मोठी होते. मी दोनच जोड केले. स्पेस व वाय दाबल्यास मजकूर अधिकचिन्हाच्या कप्प्यात, म्हणजे क्लिपबोर्डावर जावा. स्पेस व डी दाबल्यास तो अधोरेषेच्या कप्प्यात, म्हणजे कायमचा जावा आणि बाकी कप्प्यांना धक्का लागू नये.

एक सावधगिरी: दूरच्या संगणकावर चाललेल्या विमचा क्लिपबोर्ड हा सहसा त्या संगणकाचा असतो, आपल्या पुढ्यातला नव्हे. विम क्लिपबोर्डाविना बांधलेला असणेही शक्य आहे. आवृत्तीची माहिती मागविली असता क्लिपबोर्ड या शब्दाआधी अधिक वा उणे चिन्ह दिसते, त्यावरून ते कळते.

टर्मिनलमधील निकाल उचलण्यासाठी २०१८ च्या ८.१ आवृत्तीपासून विममध्येच टर्मिनल उघडता येते. त्यात कंट्रोल-डब्ल्यू व नंतर मोठा एन दाबला की सारे उत्तर साध्या मजकुरासारखे होते. वरील वाक्ये तेथेही चालतात.

आपल्या लिप्यांची अडचण

इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना एच, जे, के, एल या कळांतून प, र, क, त ही अक्षरे निघतात आणि विमला आज्ञा कळत नाही. यावर उपाय म्हणजे प्रणालीचा कळफलक इंग्रजीच ठेवून विमची स्वतःची ‘कीमॅप’ वापरणे. ती लिहितानाच लागू होते, आज्ञा देताना नाही. जोड्यांची अशी फाइल आपणही तयार करू शकतो. इन्स्क्रिप्टमध्ये मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच कळेवर असल्याने एका फायलीवरून दुसरी सहज बनते. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. घाबरू नये, फायलीत ती शाबूत असतात.

शेवटी एकच सांगणे. दुसऱ्याची लांबलचक विमआरसी उतरवून घेऊ नका. ज्या दिवशी काही अडेल, त्या दिवशी एक ओळ घाला आणि ती का घातली हे शेजारी मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहा. माझ्या फायलीत स्पेस-डीच्या ओळीशेजारी ‘भरवेली’ एवढेच लिहिले आहे.