“डोक्यात शिरत नाही” म्हणण्याआधी तपासणी

मैत्रिणींनो, पालक सभेत कुणातरी ताईला हमखास ऐकावं लागतं, “तुमच्या पोराचं लक्षच नाही.” घरी आल्यावर पोराला मार बसतो. मुलगी असेल तर “हिच्या डोक्यात काही शिरत नाही, काढा शाळेतून” हे ठरायला वेळ लागत नाही. शाळा सुटलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून या अंकात शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांच्या तपासणीची माहिती.

समजा, चौथीतली एक मुलगी आहे. बाजारात भाजीचा हिशोब तोंडी करते, गोष्ट रंगवून सांगते. पण पाच ओळी वाच म्हटलं की घाम फुटतो. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, वेलांटी गळते, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. पंचवीस लिही म्हटलं तर 52. (यात आपली भाषाही जरा अवघडच. बोलताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!) पहिली-दुसरीत अशा चुका सगळ्याच मुलांच्या होतात. तिसरी-चौथीतही त्या टिकून राहिल्या आणि बाकी समज चांगली असेल, तर ‘अध्ययन अक्षमता’ असू शकते. ‘तारे जमीन पर’मधल्या ईशानला हीच अडचण होती. यात बुद्धी कमी नसते, अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालताना मेंदूला कष्ट पडतात. ही अडचण घराण्यात चालत येऊ शकते. आईने गरोदरपणी ग्रहण पाहिलं म्हणून किंवा लाड केले म्हणून ती होत नाही.

पण मागे पडणारं प्रत्येक मूल या गटातलं नसतं, आणि इथेच घाई नडते. आधी डोळे आणि कान तपासा. कान वाहत असेल तर मुलाला गुरुजींचं अर्धंच ऐकू जातं. अंगात रक्त कमी असलेलं मूल पेंगतं. मधेच क्षणभर टक लावून बघणारं, हाक मारली तरी भानावर न येणारं मूल डॉक्टरांना दाखवा, तो फिटचाही प्रकार असू शकतो. ऊसतोडीला आईबापासोबत गेलेल्या लेकराची निम्मी शाळा बुडते. त्याला वाचता येत नाही, कारण त्याला कुणी शिकवलेलंच नाही. नंदुरबारकडे घरात पावरी, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक जड जातं, तेही वेगळं. तपासणाऱ्याला घरची भाषा आणि बुडालेली शाळा या दोन गोष्टी न विचारता सांगा. नाहीतर निदान चुकू शकतं.

मग तपासणीत करतात काय? सुई नाही, मशीन नाही. अध्ययन अक्षमता रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत सापडत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी गटातून कर्ज काढून स्कॅन करू नका. बुद्धीच्या टॉनिकनेही ती जात नाही. मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलतात, ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतात, आकृत्या बघून काढायला लावतात. 3-8-5 असे आकडे म्हणतात, मुलाने ते सुलटे आणि उलटे म्हणायचे. वाचन, लेखन, गणित वेगवेगळं बघतात. यातून लक्ष, आठवण, नजर आणि हात यांचा मेळ, भाषा यांपैकी गाडी नेमकी कुठे अडते ते कळतं. भारतात वापरली जाणारी एक जुनी बुद्धिचाचणी ‘बिने-कामत’ तर मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली होती.

हे सगळं एका बैठकीत उरकत नाही, दोन-तीन खेपा धरून चला. मुलाला पोटभर खाऊ घालून, झोप झालेली असताना न्या. घरून पढवून नेऊ नका. खराब अक्षराच्या वह्याच आधी पिशवीत टाका, त्यांतूनच जास्त कळतं.

जायचं कुठे? शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत शिकण्याच्या अडचणीही आहेत. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. आधी शाळेची चिठ्ठी घेतली तर हेलपाटा वाचतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं, पण मदत सुरू करायला त्याची वाट बघायची गरज नाही. विशेष शिक्षक आवाजावरून अक्षर, अक्षरावरून शब्द असं पुन्हा बसवून घेतात. त्याला महिनोन्‌महिने लागतात. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 1996 पासून महाराष्ट्रात ही सोय आहे, तरी खेड्यात अजून कित्येकींना ठाऊक नाही.

रिपोर्ट हातात आला की नुसता बुद्ध्यांकाचा आकडा बघून परतू नका. “माझ्या लेकराला काय चांगलं जमतं, कुठे अडतं, आणि घरी मी रोज पंधरा मिनिटं काय करू?” हे मराठीत समजेपर्यंत विचारा. स्वतःला वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या ताईला सोबत न्या. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक शाळेत द्या आणि पोच घ्या.