चर्चच्या कामावरचा मजूर आणि आपण

१ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ यांचा सण पाळतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण जाहीर केला. कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाला देवाच्या घरी मान आहे, हा त्याचा अर्थ. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या धर्मग्रामाचीही कामे निघतात. पावसाळ्यापूर्वी चर्चची कौले परतायची असतात, विहिरीतला गाळ काढायचा असतो, शाळेच्या संडासाची टाकी उपसायची असते, चर्चच्या शेताची नांगरट करायची असते. ह्या कामांवर येणारी माणसे बहुधा आपल्याच गावची किंवा शेजारच्या वाडीची असतात. ती आपल्या कामावर असताना त्यांची जबाबदारी कोणाची, ह्याचा विचार ह्या पाठात करू. यात सांगितलेल्या बहुतेक गोष्टी आपल्या घरच्या शेतावर मजूर लावणाऱ्यालाही लागू आहेत.

मालक कोण?

“चर्चचे काम म्हणजे देवाचे काम, तिथे मालक आणि नोकर असे काही नसते,” असे आपण सहज बोलून जातो. श्रमदानाला आलेल्या माणसाच्या बाबतीत ते ठीक आहे. परंतु जो मजुरीवर येतो, त्याला बोलावणारा, काम सांगणारा व पैसे देणारा हा त्याचा मालकच होय. मग तो जमीनदार असो की धर्मग्राम असो.

हे केवळ सरकार म्हणते असे नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन कायद्यात नियम १२८६ आहे. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी माणसे कामावर लावताना देशाचे कामगार कायदे पाळावेत आणि कष्टकऱ्याला त्याच्या व घरच्यांच्या गरजा भागतील अशी न्याय्य मजुरी द्यावी, असा त्याचा आशय आहे. नियम १२८४ प्रमाणे कारभाऱ्याने चांगल्या घरधन्यासारखे वागावे, गरज तेथे विमा उतरवावा आणि जमाखर्च नीट लिहावा. नियम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. तेव्हा ही जबाबदारी एकट्या फादरची नाही. समितीवर बसणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीची ती आहे.

जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा. वरून कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. म्हणजे माणूस पडल्यावर हळहळणे पुरेसे नाही. तो पडू नये म्हणून आधी काही करणे हे धर्मकर्तव्य आहे.

मजुरी

सरकारने १९४८ चा किमान वेतन कायदा, १९७६ चा समान वेतन कायदा वगैरे कायदे एकत्र करून २०१९ ची वेतन संहिता केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यातील तीन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, राज्य सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. आपण सीमेवरची माणसे. मजूर चंदगडहून आला आणि काम खानापूर तालुक्यात असले, तर दर कर्नाटकाचा लागतो. काम जेथे, दर तेथला.

दुसरी, सारख्या कामाला पुरुषाला व स्त्रीला सारखी मजुरी. आपल्याकडे गड्याला एक दर आणि बाईला त्याहून कमी, ही रीत अजून अनेक शेतांवर चालते. रोप लावताना, रताळी काढताना दोघांची पाठ सारखीच वाकते. निदान चर्चच्या शेतावर तरी हा भेद ह्या हंगामापासून बंद झाला पाहिजे.

तिसरी, रोजंदारीचे पैसे काम सुटताना द्यावेत. महिन्याच्या पगारावरील माणसाला पुढील महिन्याच्या सात दिवसांच्या आत द्यावेत. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराची मजुरी त्याच्या हाती पडावी, ही अनुवादातील चोविसाव्या अध्यायाची आज्ञाही हेच सांगते. सणाची वर्गणी गोळा झाली की देऊ, ही सबब चालणार नाही.

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर लावणे कायद्याने बंद आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींना धोक्याच्या कामावर लावता येत नाही.

चर्चमध्ये घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा, दिवाबत्ती पाहणारा सेवक वर्षानुवर्षे थोड्या पैशांवर राबतो. त्या पैशाला आपण मानधन म्हणतो. नाव बदलल्याने त्याचे पोट लहान होत नाही. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० माणसे कामावर असलेल्या ठिकाणी लागतो, आणि ग्रॅच्युइटी १० माणसांच्या ठिकाणी. लहान धर्मग्राम बहुधा त्यातून सुटतो. परंतु कॅनन कायद्याच्या नियम २३१ मधून तो सुटत नाही. चर्चच्या सेवेत असलेल्या प्रापंचिकाला योग्य मोबदला, आजारपणाची सोय आणि म्हातारपणाची तजवीज मिळण्याचा हक्क आहे, असे तो नियम सांगतो. दरवर्षी त्याच्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. ग्रॅच्युइटीचा हिशेब हाच आहे. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघे २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० पर्यंत चालते. एवढे तर आजच करता येईल.

जिवाची काळजी

जुनी विहीर किंवा आड : बंद पडलेल्या विहिरीत जीव घेणारा वायू साठतो किंवा प्राणवायू कमी होतो. वरून ते दिसत नाही. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. काही विषारी वायूंत दिवा जळतच राहतो, आणि वायू पेट घेणारा असेल तर भडका उडतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवू नये, त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध होतो. गाळ शक्यतो वरूनच यंत्राने काढावा. उतरणे भागच असेल तर वायू तपासण्याचे यंत्र असलेल्या माहीतगारालाच बोलवावे, आत हवा खेळती ठेवावी, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर बांधावा आणि दोर धरून दोघांनी वर उभे राहावे. आतला माणूस पडला तर दुसऱ्याने तसेच आत उडी घेऊ नये. एकाला वाचवायला उतरलेले दोघे-तिघे अशाच तऱ्हेने दगावतात. दोराने वर ओढावे आणि १०८ ला फोन करावा.

संडासाची टाकी : इथे तर प्रश्नच नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे, संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गटारात व टाकीत मेलेल्यांच्या घरच्यांना मिळणारी भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे उपसा करणारी गाडी मागवावी. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्याकडून हे काम करून घेतले गेले, त्यांतले कित्येक आज आपल्याबरोबर एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात, हेही विसरू नये.

फवारणी : २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. चर्चच्या काजूवर किंवा भातावर फवारणी करणाऱ्याला हातमोजे, तोंडाला मुखवटा, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे आणि पायांत बूट द्यावेत. वाऱ्याच्या उलट दिशेने व भर उन्हात औषध मारू नये. मध्येच विडी-तंबाखू घेऊ नये. घाम व लाळ फार सुटणे, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू उडणे, दम लागणे ही विषबाधेची लक्षणे होत. कपडे उतरवून अंग साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. डब्यावर विषाचे नाव व उतारा छापलेला असतो. दूध पाजणे, मिठाचे पाणी देऊन ओकारी काढणे हे प्रकार करू नयेत.

छप्पर : जुनी कौले आणि सिमेंटचे पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. वाशांवर आडव्या फळ्या किंवा शिडी टाकून त्यांवरूनच चालावे. अंगाचा पट्टा बळकट आढ्याला बांधावा. शिडी चार हात उंच टेकवली तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. पाऊस पडून गेल्यावर, किंवा पोटात दारू असताना कोणालाही वर चढू देऊ नये.

अपघात झालाच तर

कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्यातील कामांच्या यादीत ट्रॅक्टर वा विजेच्या यंत्राने शेती करणे आणि कीटकनाशक फवारणे हीही कामे आहेत. भरपाईचा हिशेब असा : मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्म्या रकमेस वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. समजा, मजूर ४० वर्षांचा आहे आणि महिन्याला १२,००० रुपये मिळवतो. चाळीस वर्षांचा आकडा १८४.१७ आहे. सहा हजारांस त्याने गुणले की ११,०५,०२० रुपये होतात. किती धर्मग्रामांच्या पेटीत एवढी रक्कम असते? आणि नसली, तर त्या विधवेने कोणाच्या दारी जावे?

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्यावा. सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात. ठरावीक माणसे व ठरावीक दिवस सांगूनही तो मिळतो. कंत्राटदार असेल तर त्याच्याकडचा विम्याचा कागद आधी पाहावा. “काही झाल्यास मी हक्क सांगणार नाही,” असे लिहून मजुराचा अंगठा घेतला, तरी त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. आणि ख्रिस्ती माणसाने असा कागद पुढे करू नये.

हिशेब आणि कर

मजुराचा न्याय वहीतही दिसला पाहिजे. नाव, दिवस, काम, दर आणि दिलेली रक्कम लिहून सही घ्यावी. वही नसेल तर खरे देणाराही खोटा ठरतो.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. परंतु सभागृहाचे वा दुकानगाळ्याचे भाडे म्हणजे शेती नव्हे. ते वेगळे लिहावे. प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च करमाफीच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणून कंत्राटदाराला चेकनेच द्यावे. एका वेळी ३०,००० किंवा वर्षात एकूण १ लाख रुपयांवर रक्कम गेली, तर संस्थेने त्यातून कर कापून सरकारात भरायचा असतो. २ लाख वा त्याहून अधिक रोख रक्कम एकाच व्यक्तीकडून एका दिवसात घेता येत नाही.

आपल्या कुटुंबांतील पुष्कळ मुले परदेशी आहेत. भारताचा नागरिक राहून आखातात नोकरी करणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत चर्चला देणगी पाठवली, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. परंतु ज्याने पोर्तुगालचे वा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी २०१० च्या कायद्याप्रमाणे परदेशी देणगी होय, मग तो आपल्याच गल्लीत जन्मलेला का असेना. ती त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेनेच, ठरावीक खात्यावर घ्यावी. तेव्हा अशी रक्कम येण्यापूर्वी बिशप हाऊसच्या कचेरीत विचारावे.

जी देणगी छपरासाठी दिली ती छपरालाच लागावी, असे नियम १२६७ सांगतो, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे नियम १२८७ सांगतो. वर्षातून एकदा चर्चच्या फळ्यावर जमाखर्च लावावा. मजुरीचा व विम्याचा खर्च त्यात ठळक दिसू द्यावा. म्हणजे “फादर एवढा खर्च कशाला करतात?” हा प्रश्न उरणार नाही.

पावसाळ्यापूर्वी एवढे करू या

अर्थसमितीने पुढील सभेत पाच गोष्टी ठरवाव्यात : किमान मजुरीचा चालू दर कामगार कचेरीतून आणणे, स्त्रीपुरुषांना एकच दर देणे, हजेरीची वही ठेवणे, कामाआधी विमा उतरवणे, आणि पट्टा, दोर, हातमोजे व मुखवटे चर्चच्या खोलीत कायमचे आणून ठेवणे. ही साधने शेतकरी कुटुंबांनाही फवारणीच्या दिवशी वापरायला द्यावीत. मुखवट्याचे गाळणे मात्र वेळोवेळी बदलावे.

खर्च वाढेल हे खरे आहे. पैसे कमी पडले तर रोषणाई एक वर्ष कमी करू, तिकडच्या पैशांतून पट्टा येईल. संत योसेफांनी आपल्या हातांनी राबून येशूला वाढवले. त्यांच्या नावाने सण करणाऱ्या धर्मग्रामात कामावर आलेला माणूस संध्याकाळी आपली पुरी मजुरी घेऊन धडधाकट घरी पोहोचावा, एवढे तरी आपण पाहू या. तीही देवाची उपासनाच आहे.