उद्याचा दिवस आपल्या हाती नाही



कुरआनमधील 103 वी सूरह, ‘अल्-अस्र’, अवघ्या तीन आयतींची आहे. आपल्या घरातील लहान मुलांनाही ती तोंडपाठ असते. तीत अल्लाह काळाची शपथ घेऊन मनुष्य तोट्यात असल्याचे सांगतो आणि केवळ चार गोष्टी अंगी असलेल्यांना त्यातून वगळतो: ईमान, सत्कर्म, परस्परांना सत्याचा उपदेश आणि परस्परांना संयमाचा उपदेश. मनुष्याच्या तोट्याला साक्ष काळाचीच का?

इमाम फख्रुद्दीन राझी यांनी आपल्या भाष्यात एका पूर्वसूरींचा अनुभव नोंदविला आहे. बाजारात एक बर्फविक्रेता, ज्याचे भांडवल वितळत चालले आहे त्याच्यावर दया करा, असे पुकारत होता. ते ऐकून त्यांना या सूरहचा अर्थ उमगला. तोटा होण्यासाठी त्या विक्रेत्याने काही चूक करण्याची गरज नव्हती. तो नुसता बसून राहिला तरी तोटा होतच होता. आयुष्याचेही तसेच आहे. हाती असलेले कर्तव्य न करणे, हीदेखील एक निवड आहे आणि तिचाही जाब द्यावा लागेल.

कोणी म्हणेल, मृत्यूची घटका अल्लाहने आधीच ठरविली आहे, मग आपल्या हाती उरले काय? मुदत आपल्या हाती नाही, हे खरेच. परंतु मुदतीत काय करावे, हे आपल्यावर सोपविले आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण अशी की, कयामत येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे. त्याचे फळ कोण खाणार, हा त्याचा प्रश्न नाही. रोप लावणे एवढेच त्याचे काम आहे.

कृतीचे मोल तिच्या वेळेवरही अवलंबून असते. सूरह यूनुसमध्ये फिरऔन बुडताना ईमान कबूल करतो. पण तेव्हा वेळ निघून गेलेली असते. सूरह अल्-मुनाफिकूनमध्ये मृत्यूसमोर उभा असलेला मनुष्य थोडी सवलत मागतो, म्हणजे दानधर्म करता येईल. त्याच्यापाशी धन असते, केवळ दिवस उरलेला नसतो.

म्हणूनच सूरह अल्-कहफ शिकविते की, उद्याचा बेत सांगताना तो अल्लाहच्या इच्छेवर सोपवावा. ‘इन्शाअल्लाह’ हा शब्द आपल्या मर्यादेची कबुली आहे. आपण मात्र पुष्कळदा तोच शब्द टाळाटाळीसाठी वापरतो. देणेकरी ‘इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात’ म्हणतो. रुसलेला भाऊ ‘इन्शाअल्लाह, ईदला बोलू’ म्हणतो.

मृत्युपत्र करण्याजोगे काही असेल, तर ते लिहून ठेवल्याविना मुसलमानाने रात्री घालवू नयेत, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी ते ऐकल्यापासून एकही रात्र तसे लिहून ठेवल्याविना काढली नाही. ऐकणे आणि करणे यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही.

आज इशाची नमाज झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. कोणाचे देणे, कोणाची क्षमा, कोणती कजा नमाज राहिली आहे, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे आणि त्यांतील एक तरी गोष्ट आजच सुरू करावी. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.